दीनाचं तारू

कुवेतच्या फहाहीलमधल्या मराठी मंडळींनी आम्हाला पहिल्या काही महिन्यांतच सारस्वत ठरवून टाकलं. त्यात त्यांचाही दोष नव्हता. आडनाव नागावकर, घरात मासे चालतात, मटण-कोंबडी चालत नाही, आणि कोलंबीची वाटी पुढे केली की आई हसून म्हणते, "आम्हाला सोसत नाही हो, अंगावर पित्त उठतं." तिघांच्याही अंगावर एकाच पदार्थाने पित्त उठतं याचं कुणाला नवल वाटलं नाही. मंडळाच्या बापटबाईंना मात्र माणूस नीट खणात बसल्याशिवाय चैन पडायचं नाही. "मासे खाता आणि कोलंबी नाही? मग नक्की कुठले तुम्ही?" असं त्यांनी बाबांना एकदा तोंडावरच विचारलं. बाबा म्हणाले, "अलिबागकडचे." खोटं बोलायचं नाही, असा बाबांचा नेम होता. पण खऱ्याचा एक घास वाढायचा आणि ताट उचलून आत न्यायचं, यात त्यांचा हात कुणी धरला नसता. बापटबाईंनी आम्हाला त्याच दिवशी सारस्वतांच्या खणात ठेवलं आणि पुढे कित्येक वर्षं आम्ही तिथे सुखाने राहिलो.

आम्ही बेने इस्राएल. म्हणजे यहुदी, पण कोकणातले. खवले नसलेली मासळी आणि आमच्या रीतीने न कापलेलं मटण आम्हाला वर्ज्य. ज्यांच्या खापरपणज्यांनाही मराठीवाचून दुसरी बोली येत नव्हती असे. रायगडच्या किनाऱ्याला गावोगाव आमची चार-दोन घरं असायची. बहुतेकांचा तेलाचा घाणा असायचा, आणि तो शनिवारी बंद राहायचा म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं. माझ्या लहानपणापर्यंत घाणे गेले होते आणि बहुतेक घरंही उठून गेली होती. आधी आगबोटीने, मग विमानाने, सगळे 'तिकडे' गेले. 'तिकडे' म्हणजे कुठे, हे आमच्या घरात कुणी बोलायचं नाही, आणि कुवेतला आल्यावर तर त्या देशाचं नाव जिभेवर येऊच द्यायचं नाही असं ठरलेलंच होतं. मोठे काका तिकडे, आत्या तिकडे, आत्याच्या अंगणातल्या झाडाला तिकडे लिंबं लागली. बाबा तेवढे गेले नाहीत. "आपण एकदा तारू फुटून उतरलेली माणसं," ते म्हणायचे, "मला पुन्हा चढायची हौस नाही." आणि मग स्वतःच विमानात बसून ते मीना अल-अहमदीला आले, तेलाच्या जहाजांत तेल चढवणारे पंप दुरुस्त करायला. आई त्यांना यावरून चिडवायची, "तेल्याचा मुलगा शेवटी तेलातच." ती स्वतः सरकारी इस्पितळात नर्स होती आणि तिच्या साडीला कायम डेटॉलचा वास यायचा.

कुवेतमध्ये आम्हाला कुणी त्रास दिला असं एकदाही झालं नाही, हे आधीच सांगून टाकते. आम्ही कोण, हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ते ठाऊक झालं तर काय होईल हे आम्हाला ठाऊक नव्हतं, एवढंच. बाबांची भीती साधी होती. इकामा म्हणजे इथे राहायची परवानगी. ती गेली की काम गेलं, घर गेलं, माझी शाळा गेली. म्हणून कुणाला विचारायची वेळच येऊ द्यायची नाही. मला मीरा म्हणायचे. मिरियम हे नाव आजीबरोबर अलिबागलाच राहिलं होतं, आणि सुट्टीत गेलं की ते मला परत मिळायचं, आजीने ट्रंकेत जपून ठेवलेल्या फ्रॉकसारखं.

शुक्रवार हा तेव्हा सुट्टीचा वार होता. दुपारी मशिदीतून खुतबा, म्हणजे नमाजाचं प्रवचन, ऐकू यायचा, मग गल्ली जेवून झोपायची, आणि उन्हं उतरली की आमच्या दोन खोल्यांत लगबग सुरू व्हायची. उद्याचा स्वयंपाक आजच करायचा, कारण आमचा शनिवार शुक्रवारी सूर्य मावळताच लागतो आणि मग शेगडी पेटवायची नाही. आई जुबैदी तळायची. जुबैदी म्हणजे आपलं पापलेटच, पण इथल्या पाण्याचं, जरा गोडसर. डब्यातलं नारळाचं दूध फोडून कढी व्हायची, आणि दुसरीकडे काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून त्यांचं सरबत व्हायचं. आमच्याकडे पूर्वापार द्राक्षाच्या दारूऐवजी हे सरबतच चालतं, त्यामुळे दारूबंदीच्या देशात आमचं काही म्हणजे काही अडलं नाही. सगळं मांडून झालं की आई म्हणायची, "दार लाव गं, धूळ येते." मी कडी घालायचे. पडदे ओढायचे. मगच काचेच्या पेल्यात पाणी, पाण्यावर तिळाचं तेल, तेलात वात, आणि आई डोक्यावर पदर घेऊन ती पेटवायची. बाहेर वादळ असो नसो, दर शुक्रवारी आमच्याकडे धूळ यायचीच.

आता मी मुलाकडे, कुवेतमध्येच, महबूल्याला असते. इथे हल्ली शुक्रवार-शनिवार अशी दोन दिवस सुट्टी असते. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी बाल्कनीत जाऊन उगाच रडले. बाबा उभा जन्म शनिवारी पहाटे डबा घेऊन कामाच्या बसमध्ये चढले, आणि चढताना दर वेळी हळूच 'माफ कर' म्हणायचे. त्यांना एक तरी असा शनिवार मिळायला हवा होता. तेव्हा त्यांच्या हातात होती ती फक्त शुक्रवारची संध्याकाळ, आणि तीत ते गोष्ट सांगत.

गोष्ट एकच होती आणि ती संपत नव्हती. दीना नावाची आठ वर्षांची मुलगी. फार फार वर्षांपूर्वी आपल्या लोकांबरोबर ती तारवात बसली. घरदार मागे टाकून, कुणाच्या तरी भीतीने. अलिबागच्या जवळ, नवगावच्या किनाऱ्याला तारू खडकावर फुटलं. सगळे बुडाले, सात बाया आणि सात पुरुष तेवढे वाचले. इथपर्यंतचं आमच्या प्रत्येक घरात ठाऊक असतं. दीना मात्र बाबांची. तिच्या फ्रॉकच्या दुमडीत मूठभर तीळ शिवलेले होते असं बाबा सांगायचे. मी म्हणायचे, "बाबा, तेव्हा फ्रॉक होते का?" "बरं, झगा म्हण," असं म्हणून ते पुढे जायचे. पोथ्या बुडाल्या, भांडी बुडाली, तीळ तेवढे ओले होऊन किनाऱ्याला लागले. कोळणींनी दीनाला वाळूतून उचललं, चुलीपाशी बसवलं आणि वाटीतून काहीतरी गरम, पांढरं, मीठ घातलेलं पाजलं. तो तिचा मराठीतला पहिला शब्द: पेज. ते तीळ तिने पेरले, त्यांचं शेत झालं, शेताचा घाणा झाला. मग बाबा घाण्याच्या बैलावर आले की बेभान व्हायचे. पवळ्या नावाचा बैल होता. आठवड्याचे सहा दिवस शहाण्यासारखा फिरायचा आणि शनिवारी जागचा हलायचा नाही. गावच्या खोताने चाबूक उगारला, गूळ दाखवला, कानात शिव्या दिल्या, पण पवळ्या ढिम्म. हे सांगताना बाबा बैलासारखे डोळे मिटून बसायचे आणि मी हसून लोळायचे. पण शनिवारचा भाग आला की त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा, आणि बैलाचा ढिम्मपणा ते अगदी कुजबुजत सांगायचे. दूरवर बंदरातून टँकरचा भोंगा वाजायचा. मला वाटायचं, दीनाला नेणारं तारू अजून तिथेच कुठेतरी उभं आहे.

आता हुसेनकाकांबद्दल सांगायला हवं, कारण आमच्या गोष्टीत तेही आहेत. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचा बकाला होता. बकाला म्हणजे किराणा दुकान, पण त्यांच्या दुकानात पतंगापासून सुकटीपर्यंत सगळं मिळायचं. गडी रेवदंड्याचा, पोट मोठं, आवाज त्याहून मोठा, आणि गावाचा अभिमान त्याहूनही मोठा. जगातली कुठलीही चांगली गोष्ट निघाली की ती मूळची रेवदंड्याची, असं त्यांचं ठाम मत होतं. अलिबागचा पांढरा कांदा? "आमच्या गावावरून नेला." हापूस? "पयला झाड आमच्यात." एकदा बापटबाईंनी पुरणपोळी वाटली तर खाता खाता म्हणाले, "चांगली हाय, पण रेवदंड्याला जास्त पातल करतात." बापटबाई पंधरा दिवस त्यांच्याकडून साखर घेत नव्हत्या. मुलं त्यांच्यामागे असायची, कारण चॉकलेट देताना ते फुकट एक थाप मारायचे. मला आवडायचे, पण बाबा त्यांच्यापासून जरा जपून असत. "आपल्याकडचा माणूस आहे," ते आईला म्हणायचे. कोकणातून आलेला माणूस नावावरून, जेवणावरून ताडू शकतो, असा त्याचा अर्थ होता. पुण्याच्या बापटबाईंची ती भीती नव्हती.

त्या हिवाळ्यात बाबांचा इकामा नवा व्हायचा होता आणि तो काही केल्या होत नव्हता. कंपनी बदलली होती, कागद या खिडकीतून त्या खिडकीत फिरत होते. आईने मलिदा बोलला. आमच्याकडे नवस असा असतो: काम झालं की एलियाहू नबीच्या नावाने गूळ-खोबऱ्यात पोहे कालवायचे, भोवती फळं मांडायची, प्रार्थना म्हणायची आणि सगळ्यांनी खायचं. इकामा झाला. आईने कडी लावून मलिदा केला आणि मग तिच्या मनात आलं, नवसाचं एकट्याने खाऊ नये. तिने वाट्या भरल्या. बापटबाईंकडे गेली ती वाटी 'गोड दडपे पोहे' म्हणून गेली, आणि बापटबाईंनी त्यात लिंबू कमी असल्याचा निरोप पाठवला. खालची वाटी मी घेऊन गेले. हुसेनकाका उभ्या उभ्या काहीही तोंडात टाकणारा माणूस. मी वाटी पुढे केली. त्यांनी आत पाहिलं, पोहे बोटाने जरासे हलवले, खोबरं, गूळ, वर ठेवलेला खजूर पाहिला. मग हात धुऊन आले, गल्ल्यातून टोपी काढून डोक्यावर ठेवली आणि दोन्ही हातांनी वाटी घेतली. मला गंमत वाटली. वर येऊन मी आईला सांगितलं, "हुसेनकाका पोहे टोपी घालून खातात." आई चटकन वळली आणि म्हणाली, "थंडी वाजत असेल."

थोड्याच दिवसांनी, एका शुक्रवारी, मंडळाची सहल निघाली, खैरानला. समुद्राकाठी सुट्टीची घरं, पुढे मऊ वाळू, हिवाळ्याचं पिवळं ऊन. बिर्याणीची पातेली, हाऊजी, बायकांची संगीतखुर्ची, आणि मुलांसाठी कथाकथनाची स्पर्धा. शेवटची कल्पना बापटबाईंची, 'आपली मुलं इंग्रजीत उत्तरं देतात' या चिंतेतून आलेली. माझी नात आता सरळ इंग्रजीतच स्वप्नं बघते, तेव्हा बापटबाईंची चिंता अगदीच फुकट नव्हती. मी घरी जाहीर केलं की मी दीनाची गोष्ट सांगणार.

"मुळीच नाही," आई म्हणाली. "ससा-कासव सांग."

"ससा-कासव सगळेच सांगणार. माझ्याकडे माझी गोष्ट आहे."

"तीच तर पंचाईत आहे," आई म्हणाली. "अहो, तुम्ही काही बोलणार आहात का? आत्ता कुठे इकामा हातात आलाय."

बाबांच्या चेहऱ्यावर भीती होती, आणि तिच्याआड, लपवूनही न लपणारा, आनंद होता. त्यांची गोष्ट माझ्या तोंडून लोक ऐकणार होते. शेवटी म्हणाले, "तारू फुटू दे. पेज पाजू दे. तीळ पेरू दे. शनिवार नको आणि नाव नको. तेवढं पाळशील?"

"आणि पवळ्या?"

"पवळ्या शनिवारशिवाय कसा येईल बाळा," ते म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं.

खैरानला सतरंज्या टाकून सगळे गोल बसले होते. माझ्याआधी तीन ससे हरले आणि तीन कासवं जिंकली. मग मी उभी राहिले. मागे समुद्र होता, वाऱ्याने केस तोंडावर येत होते. पहिली दोन वाक्यं मला स्वतःलाच ऐकू आली नाहीत. मग तारू खडकावर आपटलं आणि माझा आवाज सुटला. बाबा सांगायचे तशीच मी सांगितली, तेवढ्याच ठिकाणी थांबून. कोळणींनी दीनाला पेज पाजली तेव्हा समोर बसलेल्या एका नर्सबाईंनी डोळे पुसले. झग्यातले तीळ उगवले तेव्हा लहान मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी घाण्यापाशी येऊन थांबले, कारण पुढे शनिवार होता. नमस्कार केला. टाळ्या थांबेनात. बाबा एका कडेला मुलांसाठी संत्री सोलत बसले होते. त्यांच्या मांडीवर सालींचा ढीग झाला होता आणि त्यांना त्याचं भान नव्हतं.

"वा गं मीरा!" बापटबाई परीक्षकाच्या खुर्चीतून म्हणाल्या. "फारच छान. पण एवढं सांग, हे लोक कोण होते? कुठून आले होते, आणि पुढे त्यांचं काय झालं?"

प्रश्न काही वाईट हेतूने विचारलेला नव्हता. मास्तरीण विचारते तसा होता. पण सगळं मंडळ माझ्याकडे बघत होतं. मी बाबांकडे पाहिलं. संत्र्याची फोड त्यांच्या बोटांत तशीच राहिली होती. आईने मान खाली घातली होती. मला ससा-कासवासारखं काहीतरी सांगून सुटता आलं असतं: ठाऊक नाही बाई, गोष्टच आहे ती. पण दीना वाळूतून उठून माझ्या शेजारी उभी होती, आणि तिला 'ठाऊक नाही' म्हणायला माझी जीभ वळेना. तेव्हाच्या त्या छोट्या मीराचं मला आजही कौतुक वाटतं. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "आम..."

"आमचे!" मागून गर्जना झाली. "आमचेच गो! कोन म्हंजे? रेवदंड्याचे!"

हुसेनकाका पातेल्यापाशी झारा हातात घेऊन उभे होते. "बसऱ्यावरून आले तारवान बसून. आमचे बापजादे. माजा आजा सांगायचा. आता पोरीन मधल्या चार गोष्टी इकडच्या तिकडं केल्यान, पन तारू आमचा."

"काहीतरीच काय हुसेनभाई!" बापटबाई खुर्चीतून उठल्याच. "समुद्रातून किनाऱ्याला आलेली चौदा माणसं! अहो, ही आम्हा चित्पावनांची कथा. परशुरामाने जिवंत केले ते. सात आणि सात चौदा, बघा की!"

"चौदा तुमचे मेलेले व्हते. हे जिते हायत!"

"पण चौदाच ना?"

"आन् पान्यातून काडला कुनी ता कोन सांगंल?" वरळीचा एक टेक्निशियन मधेच ओरडला. "आमी कोल्यांनी! पेज कुनाची? आमची!"

मग काय विचारता. अर्धं मंडळ हसत होतं, अर्धं भांडत होतं. कुणी पुराण काढलं, कुणी आजा-पणजा काढला, हुसेनकाका झारा नाचवत रेवदंड्याच्या किल्ल्यापर्यंत पोचले. मला विचारलेला प्रश्न त्या गोंधळात कुठल्या कुठे वाहून गेला. कुणालाच उत्तर नको होतं, प्रत्येकाकडे आपलं होतं. मला दुसरं बक्षीस मिळालं, रंगपेटी. आईने मला जवळ ओढून घेतलं. बाबांनी ती फोड शेवटी माझ्या तोंडात घातली.

परत येताना आम्ही हुसेनकाकांच्या दुकानाच्या व्हॅनमध्ये होतो. एरवी त्यांच्या व्हॅनमध्ये कव्वालीची कॅसेट अशी वाजायची की काचा थरथरायच्या. त्या दिवशी त्यांनी ती लावली नाही. मी मागच्या सीटवर आईला चिकटून रडत होते. हळू रडायचं ठरवलं होतं, पण ते जमलं नाही. "ती आमची होती," मी आईच्या कुशीत म्हणत होते. "दीना आमची होती. सगळ्यांनी घेतली." आई मला गप्प राहा, गप्प राहा, असं चिमटे काढून सुचवत होती. बाबा पुढे बसून रस्त्याकडे बघत होते. त्यांची सुटका झाली होती आणि तरी ते हरल्यासारखे दिसत होते. सूर्य वाळवंटावर टेकायला आला होता. आई पुन्हा पुन्हा मान वळवून तो किती उरलाय ते बघत होती. हुसेनकाकांनी आरशातून एकदा मागे पाहिलं आणि गाडी जोरात काढली.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागणीला जेमतेम वेळ होता. आईने चप्पल काढता काढता पेला पुढे घेतला, पाणी ओतलं, आणि तेलाची बाटली तिरकी केली तर दोन थेंब पडले. गुरुवारी ती तेल आणायला गेली होती, तेव्हा दुकानातलं संपलं होतं. "आता काय गं," असं ती म्हणतेय तोवर दारावर थाप पडली. कडी मी घातलेली होती. तिघंही थिजलो. सरबताचा तांब्या समोर, झाकलेली खुबूसची रोटी समोर, आईच्या हातात पेला. पुन्हा थाप पडली. बाबांनी एकदा सगळ्यावर नजर फिरवली, लपवण्यासारखं काय काय आहे ते मोजल्यासारखं, आणि मग काही न लपवता दार उघडलं.

हुसेनकाका होते. हातात तिळाच्या तेलाची बाटली, डोक्यावर टोपी. "माल आजच आला," ते म्हणाले. "म्हटला, भाभीला लागंल. दिवस मावलायच्या आत लागंल." त्यांनी चपला बाहेर काढल्या, आत आले, आणि बाटली आईच्या हातात दिली. आईने तेल ओतलं, पदर घेतला आणि वात पेटवली. वात पहिल्या काडीला लागली. हुसेनकाका ती नीट लागेपर्यंत उभे राहिले. एवढा वेळ ते गप्प बसलेले मी आधी कधी पाहिले नव्हते.

मग ते माझ्यासमोर उकिडवे बसले. गुडघे कुरकुरले. "मीरा, तुज्या तोंडातून मी आज एक शबुद काडून घेतला," ते म्हणाले. "भर मंडलान, सगल्यांच्या म्होरं काडून घेतला. तेवा घ्यावलाच लागला. आता परत द्यावला आलंव. सांग मना, ते लोक कोन व्हते?"

मी बाबांकडे पाहिलं. बाबांचे डोळे भरले होते. त्यांनी होकाराची मान हलवली.

"आमचे," मी म्हणाले.

"हां," हुसेनकाका म्हणाले. "शनवार तेली. आमच्या शेजारचे."

आमच्या नावाचा तो शब्द त्या घरात बाहेरच्या कुणी उच्चारला तो पहिल्यांदाच. आईने पदर पुढे ओढला. हुसेनकाकांनी तिच्याकडे न बघताच सांगितलं, "पोह्यांचा मलिदा दुसरा कोन करतो भाभी? आमचा भाकरीचा. माजी आय तुमच्याच लोकांच्यात वाडली, भिंतीला भिंत लागून. ते गेले तेवा ती धक्क्यावर जाऊन रडली व्हती. पुन्यावाल्या बाईला पोह्यातला काय समजतो?" आणि मग त्यांना राहवेना, मूळचा हुसेनकाका परत आला. "पन पोरी, गोष्ट तू अर्दीच सांगलीस. बैल कुठं हाय?"

"कुठला बैल?" बाबांनी विचारलं.

"घान्याचा. शनवारी हलायचा नाय तो. गूल दाखवा, चाबूक दाखवा, डोले मिटून हुबा ऱ्हायचा. आय सांगायची."

"अहो, तो बैल मी रचलाय," बाबा म्हणाले. "माझ्या मनाने. हिला हसवायला."

"रचलास?" हुसेनकाका त्यांच्याकडे कीव आल्यासारखे बघत म्हणाले. "माज्या आयने बगितलाय त्याला. रेवदंड्यान."

आई हसली. मग बाबा हसले, इतक्या मोठ्याने की मला त्यांची भीती वाटली. त्यांनी सरबताचा पेला हुसेनकाकांच्या हातात दिला, आम्हा दोघींना दिला, आणि भिंतीला टेकून बसले. दीना घाण्यापाशी उभी होती, शुक्रवारची संध्याकाळ झाली होती, वात पेटवून आईने जणू पवळ्याच्या मानेवरचं जू उतरवलं होतं. बाबांनी तिथून पुढे सांगायला सुरुवात केली, शनिवार आला तरी आवाज खाली न आणता. दार लावायचं राहून गेलं होतं, आणि आईनेही त्या दिवशी धुळीचं नाव काढलं नाही.